पाट कुणाचा?

आपल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या मशिदीत मान वर करून पाहिले की पंख्याच्या पात्यावर एखादे नाव रंगवलेले दिसते. अमुक मरहूम यांच्या ईसाले-सवाबसाठी. वजूच्या हौदाजवळच्या थंड पाण्याच्या मशीनवर नाव असते, कब्रस्तानातल्या बोअरवर असते. मी याची थट्टा करीत नाही. माणूस मेला की त्याच्या कर्मांचे खाते बंद होते, फक्त तीन गोष्टींची जमा चालू राहते : वाहता सदका, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि मागे दुआ करणारी नेक औलाद. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सदका-ए-जारिया. जारिया म्हणजे चालू असलेला, वाहता. शब्दातच पाणी आहे. म्हणूनच बहुधा आपल्या लोकांना या कामी सर्वांत आधी पाणीच आठवते.

पण समजा, पाणी आणणाऱ्याचे नाव कुठेच नाही. पाणी आणले तेव्हा त्याच्या मनात सवाब नव्हता, स्वतःच्या शेताची तहान होती. पुढे त्याच्या वंशजांना त्या शेतातून, गावातून आणि शेवटी देशातून हाकलून देण्यात आले. ज्यांना त्यांच्या जागी आणून बसवले, त्यांच्या शेतांना ते पाणी साडेचारशे वर्षे मिळते आहे. हा सदका म्हणायचा की लूट? आणि त्या माणसाशी धर्माखेरीज ज्यांचे काहीच नाते नाही अशा आपण हे पाहून काय करायचे? रडायचे, हक्क सांगायचा, की पुढे चालू लागायचे?

हा प्रश्न मला सायकलवर चढ चढताना पडला. म्हणून तो वाटेच्या क्रमानेच मांडतो.

स्पेनच्या दक्षिणेला ग्रॅनाडा शहर आणि समुद्र यांच्यामध्ये सिएरा नेवादा हा बर्फाचा डोंगर आडवा पसरला आहे. त्याच्या दक्षिण उतारावरच्या मुलखाला अल्पुखारा म्हणतात. अल-बुशर्रात या अरबी नावाचे ते स्पॅनिश रूप. डोंगराचे सर्वांत उंच शिखर सुमारे ३,४८० मीटरचे. त्याचे नाव मुलासेन, म्हणजे मौले हसन. ग्रॅनाडाचा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह याचा हा बाप. माणसे गेली, राज्य गेले, पण डोंगराचे नाव बदलायचे कुणाला सुचले नाही, किंवा जमले नाही.

माझा भाचा संशोधनासाठी ग्रॅनाडाला असतो. मागच्या वर्षी मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. अल्हंब्रा पाहून झाला. अल्हंब्रा पाहणारा मुसलमान उसासा टाकतोच, तो मीही टाकला. इक्बालांनी १९३३ साली कोर्दोव्याची मशीद पाहिली आणि तिच्यावर नज्म लिहिली, तेव्हापासून उर्दू वाचणाऱ्या घरांतून अंदलूस म्हणजे एक लांब उसासाच होऊन बसला आहे. त्या रात्री भाचा म्हणाला, ‘‘मामू, राजवाडे पुष्कळ झाले. उद्या गावं बघायची का? सायकलवर?’’ मराठवाड्यातल्या शाळेत मी पंचवीस वर्षे सायकलवरून गेलो आहे, तेव्हा सायकलची भीती नव्हती. पण मराठवाडा सपाट आहे. माझ्यासाठी चढावर जोर लावणारी बॅटरीची सायकल भाड्याने घ्यावी, असा निर्णय त्यानेच घेतला आणि मी तो मान्य केला.

वाट अशी : ओर्खिवा हे खालचे बाजाराचे गाव. तिथून पांपानेइरा, पित्रेस, पोर्तुगोस, बुस्किस्तार ही वरच्या अंगाची गावे घेत त्रेवेलेसला जायचे. मग डोंगराच्या कुशीने खुविलेस, तिथून खाली कादियार आणि तोर्विस्कोनवरून परत ओर्खिवा. शंभर किलोमीटरला थोडे कमी. सकाळी साडेचारशे मीटरवर निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला जवळजवळ दीड हजार मीटरवर असतो. एका दिवसाचे हे रिंगण युरोपभरचे सायकलवाले हौसेने करतात. त्यांना दऱ्या आणि वळणे हवी असतात. मला मात्र पांपानेइरा येताच सायकलवरून उतरावे लागले, आणि ते दमल्यामुळे नव्हे.

उतारावर एकीखाली एक बसलेली चुन्याने रंगवलेली घरे, आणि छपरे सपाट, मातीची. हे तर आपले माळवद! दगडी भिंती, चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर फरशीसारखे पातळ दगड आणि सगळ्यांत वर लाउना नावाची करडी चिकणमाती, जिच्यातून पाणी झिरपत नाही. आमच्या आजोबांच्या घरावर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून चोपण्याचे काम घरातल्या सगळ्यांना करावे लागे. इथेही दरवर्षी छपराची डागडुजी करावीच लागते. समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरात बर्बर लोकांची घरे अशीच आहेत. अल्पुखाराचे घर हे त्या घराचे सख्खे भावंड. गल्लीच्या या बाजूचे घर त्या बाजूपर्यंत वाढवून खाली सावलीचा बोळ तयार करतात. तसे बोळ मी औरंगाबादच्या जुन्या मोहल्ल्यांत पाहिले आहेत. म्हणजे ओळख पटायला राजवाडा लागला नाही, एक छप्पर पुरले.

आणि गावभर पाण्याचा आवाज. गल्लीच्या मधोमध दगडात कोरलेल्या पन्हाळीतून पाणी धावत असते. चर्चजवळ संत अंतोनियोचा झरा आहे. त्याचे पाणी प्यायले की लग्न जमते, असा समज आहे. भाच्याने बाटली भरून घेतली. मी काही बोललो नाही.

हे पाणी येते कुठून, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. वर बर्फ वितळू लागले की त्याचे पाणी ओढ्याने सरळ खाली जाऊ न देता उंचावरच वळवून डोंगराच्या अंगाने पाटाने नेतात. या पाटाला असेकिया म्हणतात. मूळ अरबी शब्द साकिया, म्हणजे पाणी पाजणारी. आपल्याकडच्या सक्का या शब्दाचे मूळही तेच. सक्का म्हणजे भिस्ती, आणि भिस्ती म्हणजे बिहिश्तचा माणूस. तर या असेकियांचे दोन प्रकार. एक सरळ शेताकडे जाणारा. दुसरा मोठा विलक्षण : हा पाट पाणी शेतात नेतच नाही. वरच्या उजाड माळावर, जिथे खडक फुटलेला आणि जमीन भुसभुशीत असते, तिथे नेऊन ते मुद्दाम सांडतो. पाणी जमिनीत जिरते. मग खडकाच्या भेगांतून हळूहळू उतरत काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, खालच्या गावाजवळ झऱ्याच्या रूपाने वर येते. वर बर्फ संपलेले असते, पाऊस नसतो, तेव्हा नेमके. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण सरकारी भिंतींवर वाचली. इथल्या शेतकऱ्याने ती घोषणा न देता हजारेक वर्षे पाळली.

पाटाला माणूस लागतो. झरे कुठे फुटतात, कुठल्या शेताची पाळी कोणत्या घटकेला, कुठे दगड सरकवायचा, हे ज्याला पाठ असते त्याला असेकिएरो म्हणतात. खानदेशातल्या फड पद्धतीत हा माणूस पाटकरी. मी भाच्याला हा शब्द सांगितला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामू, यांच्याकडे पाटकरी आहे म्हणून गाव आहे.’’ ते खरेच आहे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते रचायची, दगडांच्या ताली घालायच्या आणि प्रत्येक पायरीवर आपापल्या पाळीला पाणी पोचवायचे, हे एका घराचे काम नाही. वरच्या माणसाने खालच्याचा विचार केला नाही, तर खालचे गाव बसतच नाही.

आता इतिहास थोडक्यात सांगतो. वाचकांपैकी अनेकांना तो ठाऊक असेल. १४९१ च्या नोव्हेंबरात ग्रॅनाडाने शरणागतीचा तह केला. धर्म, मशिदी, कायदे अबाधित राहतील असे त्यात लिहून दिले होते. दहा वर्षेही झाली नाहीत तोच, १४९९ मध्ये, सक्तीचा बाप्तिस्मा सुरू झाला आणि अरबी पोथ्यांची होळी झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळे मुसलमान कागदोपत्री ख्रिस्ती झाले. यांना मोरिस्को म्हणू लागले. १५६७ मध्ये राजा दुसरा फिलिप याचा हुकूम जाहीर झाला : तीन वर्षांनंतर अरबी बोलायची नाही, लिहायची नाही. पोशाख बदलायचा, बायकांनी चेहरा झाकायचा नाही, हमाम बंद, अरबी नावे बंद. आणि शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवायची, म्हणजे आत काय चालले आहे ते दिसेल.

या हुकमाविरुद्ध फ्रान्सिस्को नून्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने एक अर्ज केला. माझ्या मते मराठी मुसलमानाने तो अर्ज मुद्दाम समजून घ्यावा. त्याचा मुद्दा असा : भाषा आणि पोशाख मुलखाचे असतात, धर्माचे नसतात. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, माल्टाचे ख्रिस्ती अरबी बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत काय? एका मुलखाचे ख्रिस्ती एक पोशाख घालतात, दुसऱ्या मुलखाचे दुसरा. मग आमच्या मुलखाची भाषा आणि कपडे आमच्या श्रद्धेविरुद्ध पुरावा कसे होतात? हा युक्तिवाद चारशे वर्षांहून जुना आहे, पण आपल्याला तो रोजच्या व्यवहारातला वाटेल. ‘तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा आपल्यात कोणी नसेल. आणि दुसऱ्या बाजूने, ‘मुसलमान आहेस तर उर्दूत का लिहीत नाहीस?’ हेही. नून्येस मुलेचा अर्ज फेटाळला गेला. गंमत बघा, अरबीवर बंदी आली, पण पाण्याची भाषा कुणालाच बदलता आली नाही. पाट असेकियाच राहिला, तलाव अल्बेर्का राहिला (अल-बिरका), टाके अल्खीबे राहिले (अल-जुब्ब), रहाट नोरिया राहिला (नाऊरा). शेतकऱ्याला पाळी चुकवून चालत नाही, म्हणून तो शब्दही चुकवत नाही.

१५६८ च्या नाताळच्या सुमारास अल्पुखारात बंड झाले. ते चिरडायला १५७१ उजाडले. ग्रॅनाडाच्या राज्यातले सुमारे ८० हजार मोरिस्को जथ्याजथ्यांनी उत्तरेकडे हाकलले गेले, त्यांतले कितीतरी थंडीत वाटेतच मेले. अल्पुखाराची गावे ओस पडली. मग राजाने गालिसिया, लेओन, कास्तील अशा दूरच्या प्रांतांतून शेतकरी आणून त्या घरांत, त्या शेतांत बसवले. त्या वेळी केलेल्या जमिनीच्या मोजणीची दफ्तरे आजही उपलब्ध आहेत. कुठले शेत कुठवर, कुठल्या पाटाची पाळी कुणाला, हे नव्या लोकांना कुठून कळणार? म्हणून मोजणीच्या कामी माहीतगार मोरिस्को ठेवून घेतले. गावागणिक दोन कुटुंबे पाटांसाठी मागे ठेवली, असेही तिकडे सांगतात. मी डोळ्यांपुढे आणून पाहतो : आपले शेजारी हाकलले गेले आहेत, आणि आपण परक्या माणसाला हाताला धरून पाटापाटाने फिरवतो आहोत. इथे दगड काढा. इथे शनिवारी संध्याकाळी. त्या माणसाने एखादा झरा मुद्दाम सांगितला नसेल का? मला वाटते सांगितला असेल. ज्याने पाट राखला आहे त्याला कोरडे पडलेले शेत बघवत नाही, मग ते कुणाचे का असेना. हा माझा तर्क आहे, दफ्तरात तो नाही.

त्रेवेलेसला आम्ही दुपारी पोचलो. या उंचावरच्या गावाची ख्याती दोन गोष्टींची, ट्राऊट मासा आणि थंड वाऱ्यात वाळवलेले डुकराचे मांस. गावात शिरताच दुकानांच्या छतांना टांगलेल्या तंगड्यांच्या रांगा दिसतात. भाच्याने नाक मुरडले. आम्ही मासा मागवला, आणि मालकिणीने काही न विचारता माझी बॅटरी चार्जिंगला लावून दिली. जेवता जेवता भाचा म्हणाला, ‘‘मामू, एके काळी इथं माणूस हे खातो की नाही यावरून त्याच्यावर पाळत ठेवायचे. इन्क्विझिशनला एवढं पुरायचं. आणि आज त्याच गावाचं पोट यावर चाललंय. हे सगळं आपलं होतं, मामू.’’

‘आपलं’ या शब्दापाशी माझा घास अडला. भाचा परभणीत जन्मला. त्याच्या आणि माझ्या अंगात अंदलूसचे रक्त एक थेंबही असण्याचे कारण नाही. आमचे पूर्वज बहुधा गोदाकाठी काळ्या मातीतच नांगर धरून होते. मग अल्पुखारा आपले कसे? धर्माच्या नात्याने, असे उत्तर येईल. ठीक आहे. पण हे नाते एकदा मान्य केले की ते दोन्ही बाजूंनी मान्य करावे लागते. अल्हंब्राचा अभिमान मला धर्माच्या नात्याने मिळणार असेल, तर धर्माच्या नात्याने शेकडो वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी सुलतानाच्या हिशेबाचे बिल घेऊन कोणी माझ्या दारात आला तर त्याला मी काय म्हणू? आपल्या देशात तो माणूस येतोच, रोज येतो. तेव्हा आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो, की आमचा त्याच्याशी संबंध नाही, आम्ही इथले शेतकरी, विणकर, बागवान, मोमीन, आत्तार. मग वारसा मागताना मुसलमान आणि हिशेब देताना शेतकरी, हे चालणार नाही. भाच्याला मी हे सगळे बोललो. तो म्हणाला, ‘‘म्हणजे आपण वाईटसुद्धा वाटून घ्यायचं नाही?’’

वाईट वाटून घ्यायला सातबारा लागत नाही, असे मी म्हणालो. आजही तेच म्हणेन. हक्क सांगायला नाते सिद्ध करावे लागते, दुःखाला नाही. हे मला पुढच्या गावात जास्त कळले.

खुविलेस हे छोटेसे गाव. १५६९ च्या जानेवारीत इथे शरण आलेल्या मोरिस्को बायका-मुलांना मोंदेखारच्या सरदाराच्या सैन्याने चर्चमध्ये ठेवले होते. आत मावेनात म्हणून पुष्कळ जणी बाहेरच्या अंगणात निजल्या. रात्री एका शिपायाने एका बाईला ओढले. कोणी तरी आडवे आले, झटापट झाली, आणि बायकांच्या वेषात हत्यारबंद पुरुष आहेत अशी आवई उठली. त्या अंधारात शिपायांनी शेकडो बायका कापल्या. हे आपल्या बाजूच्या कुणी रचलेले नाही. मोहिमेत राजाच्या बाजूने असलेल्या लुइस देल मार्मोल या बखरकाराने ते लिहून ठेवले आहे. त्यानेच हेही लिहिले आहे की बंडाच्या पहिल्या दिवसांत मोरिस्कोंनी याच गावांतले पाद्री आणि ख्रिस्ती शेजारी हाल करून मारले. दोन्ही खरे आहे. उसासे टाकणाऱ्या आपल्या लेखांतून यातले दुसरे सहसा गाळले जाते, आणि तिकडच्या धार्मिक पुस्तकांतून पहिले. खुविलेसच्या चर्चसमोर मी थोडा वेळ उभा राहिलो, फातिहा पढलो. कुणासाठी, याची यादी मनात केली नाही.

त्या उतारावरच मला ती दुसरी हदीस आठवली. मुसलमानाने झाड लावले तर त्यातले जे माणूस, पाखरू किंवा जनावर खाईल तो त्याच्यासाठी सदका होतो, हे आपण शाळेच्या वृक्षारोपणातही सांगतो. पण सहीह मुस्लिममध्ये तिचे एक रूप आहे, त्यात एक गोष्ट अधिक सांगितली आहे : त्यातले जे चोरीला जाईल, तेही त्याच्यासाठी सदकाच. मी हे पूर्वी अनेकदा वाचले होते, आणि बागेतून आंबे चोरणारी पोरे डोळ्यांपुढे आणून पुढे गेलो होतो. अल्पुखारात ते वेगळ्याच वजनाने समोर आले. म्हणजे लावणाऱ्याचे खाते चोराच्या हाताने बंद होत नाही. खाणारा कोण, त्याने हक्काने खाल्ले की बळकावून, याने देणाऱ्याच्या जमेत उणे होत नाही.

इथे एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. या हदीसचा आधार घेऊन कोणी म्हणेल, मग बरेच झाले, मोरिस्कोंना सवाब मिळतो आहे, तक्रार कशाची? हे म्हणणे साळसूद आहे आणि खोटे आहे. चोरीला गेलेले सदका ठरते म्हणून चोर निर्दोष ठरत नाही. खाती दोन आहेत. एक देणाऱ्याचे, ते वाहते. दुसरे घेणाऱ्याचे, ते वेगळे लिहिले जाते आणि त्याचा जाब त्यालाच द्यायचा आहे. दोन्ही खाती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. पीडिताच्या पुण्याईवर जुलमाला माफी मिळते, किंवा जुलमाच्या रागात पीडिताचे आयुष्यभराचे काम विसरले जाते. आपण अंदलूसबद्दल बोलतो तेव्हा बहुधा दुसरे घडते. पाट कुणी खणले हे आपल्याला आठवत नाही, किल्ली कुणी दिली एवढे आठवते.

आणि घेणारे तरी कोण? आज त्या पाटाचे पाणी घेणारा शेतकरी हा गालिसियाहून आणलेल्या एखाद्या कफल्लक कुणब्याचा पंधरावा-सोळावा वंशज. त्याला कुणी विचारले नव्हते. त्याचे घर साडेचारशे वर्षे त्याच माळवदाखाली आहे. त्याला परका म्हणायचे तर जगात कुणाला कुठला म्हणायचे? दुसरे वारसही पुढे येतात. ओर्खिवात नक्शबंदी सूफींची वस्ती आहे, त्यांतले पुष्कळ जण नव्याने मुसलमान झालेले युरोपियन. इंग्रज आणि जर्मन लोकांनी कितीतरी ओस घरे विकत घेऊन नीट केली आहेत. आणि खाली समुद्राकाठी, आल्मेरियाकडे, प्लॅस्टिकच्या छपरांखाली टोमॅटो पिकवायला मोरोक्कोचे मजूर राबतात. २००० साली एल एखिदो गावात त्यांच्यावर जमावाने हल्ले केले होते. १६०९ ते १६१४ या काळात स्पेनमधून उरलेसुरले सुमारे तीन लाख मोरिस्को समुद्रापार हाकलले गेले, त्यांतले अनेक मोरोक्कोतच उतरले. त्या मजुरांत एखादा खऱ्या अर्थाने इथल्याच मातीचा असेल, आणि त्याचे त्यालाही ठाऊक नसेल. स्पेनने २०१५ मध्ये कायदा करून १४९२ साली हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा दरवाजा उघडला. चांगलेच केले. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झाला नाही. याला मी अन्याय म्हणतो. परभणीच्या माणसालाही तसे म्हणता येते, वारस न होता.

स्पेन मोरिस्कोंना गलबतांत भरत होता त्याच वर्षांत, १६१० मध्ये, आपल्याकडे मलिक अंबर खडकी गाव वसवत होता. पुढे याचेच औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून नहरीने शहरात आणले. नहर-ए-अंबरीचे पाणी कुणी प्यायचे आणि कुणी नाही, असे त्याने ठरवले नव्हते. लहानपणी पाणचक्कीच्या हौदाशी मी बसलो आहे. शेजारी जत्रेला आल्यासारखे सगळ्या जातीधर्मांचे लोक असत. शहराचे नाव एकाहून अधिक वेळा बदलले. नहर बुजत गेली ती नाव बदलल्याने नव्हे. कुणी साफ केली नाही, वर घरे बांधली, म्हणून. बांधणाऱ्यांत आपलेही लोक होते.

अल्पुखारातही पाटांचे खरे नुकसान हाकलण्याने झाले नाही. ते झाले गेल्या शतकात, १९६० नंतर, तरुण माणसे बार्सिलोना, जर्मनीकडे कामाला गेली तेव्हा. पाटकरी म्हातारे झाले, पाट पाल्याने आणि दगडांनी भरले. मग खालचे झरे आटू लागले, आणि तेव्हा लोकांना कळले की झरा हा देवाने दिलेला नव्हता, वर कुणी तरी पाणी सांडत होते म्हणून होता. २०१४ पासून ग्रॅनाडा विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या मंडळींनी गावकरी आणि स्वयंसेवक यांना घेऊन असे पाट पुन्हा खुले करायला घेतले. सुरुवात कान्यार गावच्या पाटाने झाली, जो तीसेक वर्षे कोरडा होता. हे गाव ओर्खिवाच्या वरच्या अंगालाच आहे.

कादियारच्या उतारावर भाचा माझ्या पुढे होता. अबेन उमैया या बंडाच्या राजाला इथल्याच एका ऑलिव्हच्या झाडाखाली राजा म्हणून जाहीर केले, अशी आख्यायिका आहे. वर्षभरातच त्याच्याच माणसांनी त्याला मारले. भाच्याने फोटो काढण्यासाठी मला थांबवले नाही. तोर्विस्कोनच्या अलीकडे माझी बॅटरी संपली, आणि शेवटचे बारा-तेरा किलोमीटर मी मराठवाड्याच्या पद्धतीने मारले.

यंदा वसंतात त्याचा फोन आला. दोन दिवस पाट साफ करायला गेला होता. हाताला फोड आले होते. एका बाजूला गावातला ऐंशीच्या घरातला म्हातारा काठीने दाखवत होता, दुसऱ्या बाजूला विद्यापीठातली एक मुलगी पाला ओढत होती. ‘‘काय काय निघालं?’’ मी विचारले. दगड, चेस्टनटची मुळं, मेंढ्यांची हाडं, एक चप्पल. दुसऱ्या दिवशी दुपारी वरचा दगड काढून पाणी सोडले. तो म्हणाला, ‘‘मामू, मला वाटलं धावत येईल. पण माणसाच्या चालीपेक्षाही हळू येत होतं. कोरडा पाट आधी स्वतः पितो. आम्ही सगळे त्याच्यासोबत चालत होतो, थांबत, थांबत.’’ खालच्या झऱ्याला ते कधी लागेल, असे त्याने त्या म्हाताऱ्याला विचारले. म्हातारा म्हणाला, जूनमध्ये येऊन बघ.